ढोल पारंपरिक असला तरी कान तेच

आगमन सोहळे जवळ आले की लालबाग-परळपासून गिरगावापर्यंत पथकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: कान बिघडतात ते डीजेने, ढोल-ताशा ही नैसर्गिक वाद्यं, त्यांनी काही होत नाही. वाजवणाऱ्याच्या कानाला सवय होते. मिरवणुकीनंतर कान वाजलेच तर झोपून उठल्यावर उतरतं, म्हणजे नुकसान नाही. फारच वाटलं तर कापसाचा बोळा घालावा, रात्री कोमट तेलाचे दोन थेंब सोडावेत. आणि शेवटी ठरलेली ओळ: ज्यांना आपले सण खुपतात तेच असल्या भीती पसरवतात.

मला ढोल खुपत नाही, आवडतो. पण या मेसेजवर विश्वास ठेवून सगळ्यात आधी कोणाचे कान जाणार असतील, तर ते ताशावाल्याचे.

‘नैसर्गिक’पासून सुरुवात करू. समोर स्पीकर आहे की ढोलाचं पान, हे कानाच्या पडद्याला कळायला मार्ग नाही. त्याच्यावर आदळतो तो हवेचा दाब. अपाय ठरतो आवाज किती मोठा आणि किती वेळ, यावर. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेचं गणित सोपं आहे: ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. ताशांच्या रांगेत उभं राहिलं की शंभरी सहज ओलांडली जाते. आता १५ मिनिटांत आटोपलेली आगमनाची मिरवणूक कोणी पाहिली असेल तर सांगावं.

विजेशिवायच्या वाद्यांनी कान जात नाहीत म्हणणाऱ्यांसाठी लंडनचा एक खटला. तिथल्या रॉयल ऑपेरा हाऊसच्या वाद्यवृंदातला एक व्हायोला वादक २०१२ मध्ये तालमीला ट्रम्पेटवाल्यांच्या पुढ्यात बसला होता. त्याच्या कानांना कायमची इजा झाली. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तिथे ना डीजे होता, ना स्पीकरची भिंत.

डीजेबद्दल मेसेज अगदीच खोटा नाही, हे मान्य. ढोल वाजवणाऱ्याचे हात दमतात, स्पीकरचे दमत नाहीत. पण डीजे जास्त वाईट, एवढ्यावरून ढोल निर्धोक ठरत नाही.

‘सवय होते’ हा त्यातला सगळ्यात धोकादायक दावा, कारण तो अनुभवाला खरा वाटतो. आतल्या कानात, शंखासारख्या वेटोळ्यात, सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या कंपनाचा संदेश मेंदूकडे पाठवायचं काम त्यांचं. पक्ष्यांमध्ये या पेशी मेल्या तरी नव्याने उगवतात. आपल्यात नाही, गेली ती गेली. मग सवय म्हणजे नेमकं काय? एक तर मेंदूने त्या गोंगाटाकडे लक्ष देणं सोडलेलं असतं, नाहीतर तेवढं ऐकू येणंच कमी झालेलं असतं. कानाला स्वतःचा एक बचाव आहे, नाही असं नाही. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक चिमुकला स्नायू आखडतो आणि हाडांची साखळी ताठ करतो. पण त्याला पुरतं आखडायला सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा वेळ लागतो आणि त्याचा उपयोग मुख्यतः खालच्या पट्टीतल्या आवाजांना होतो. ताशाची कडकडीत काडी तोवर पडून गेलेली असते.

शिवाय बहिरेपण दार वाजवून येत नाही. आधी जातो तो ३ ते ६ हजार हर्ट्झचा, म्हणजे वरच्या आवाजांचा पट्टा. बोलण्याचा आवाज ऐकू येत राहतो, कारण स्वर खालच्या पट्टीत असतात. निसटतात ती स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं. घरात समोरासमोर काही जाणवत नाही. भरलेल्या लोकलमध्ये मित्र काय म्हणाला ते मात्र दोनदा विचारावं लागतं, आणि त्याचा दोष गर्दीवर जातो. ‘वीस वर्षं वाजवतोय, काही झालं नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याने एकदा कानाचा आलेख (कोणत्या पट्टीतलं किती ऐकू येतं, त्याची चाचणी) काढून पाहावा. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग या वाचा-श्रवणदोषांसाठीच्या संस्थेत किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागात तो काढून मिळतो. ४ हजार हर्ट्झच्या आसपास रेघ खड्ड्यात गेलेली दिसली तर उत्तर मिळालं.

‘झोपलं की उतरतं.’ बऱ्याचदा उतरतं, खरं आहे. पण बॉस्टनच्या कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांवर केलेला प्रयोग पाहा. मोठ्या आवाजानंतर त्यांचं ऐकणं चाचणीत पूर्ववत झालं, केसपेशीही शाबूत होत्या. पण त्या पेशींना श्रवणमज्जातंतूशी जोडणारे सांधे काही भागात निम्म्यापर्यंत तुटले होते. उंदरावरून माणसाचं तंतोतंत ठरत नाही. तरी ‘उतरलं म्हणजे काही झालं नाही’ असं म्हणायचा आधार मात्र यातून निघून जातो. आणि काहींचं वाजणं उतरतच नाही.

कापूस? त्यातून आवाज जवळपास तसाच आरपार जातो. केमिस्टकडे मिळणारे फोमचे इअरप्लग घ्या. बोटांत बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. नुसता टोचून ठेवलेला प्लग कापसापेक्षा फार बरा नाही. ताल कळेनासा होतो म्हणणाऱ्यांसाठी वादकांचे फिल्टरवाले प्लग असतात. ते सगळ्या पट्ट्या सारख्याच उतरवतात. खांद्यावरच्या पोरांसाठी मात्र कानावर बसणारे मफच बरे.

तेलाने यातलं काहीही होत नाही. पडद्याला भोक असेल तर अपायच.

राहिली सणविरोधाची ओळ. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम, निवासी भागातली दिवसाची ५५ डेसिबलची मर्यादा, हे सगळं आसपास राहणाऱ्यांसाठी आहे. ताशाच्या रांगेतल्या पोराच्या कानाशी कोणी मीटर धरत नाही. ते काम पथकाचंच. मिरवणूक एका दिवसाची, सराव आठवडेच्या आठवडे, तोही कित्येकदा पुलाखाली, जिथे आवाज घुमून परत अंगावर येतो. कुर्त्याबरोबर प्लगची जोडी वाटणं, ताशाची माणसं आलटून-पालटून उभी करणं, मधे लांब जाऊन बसायला लावणं, यातल्या कशानेही ढोलाचा एक ठोका कमी होत नाही.

आणि वाजवून आल्यावर एखाद्या कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर ते उतरायची वाट पाहायची नाही. स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांतच जास्त लागू पडतो. अनंत चतुर्दशी चार दिवसांवर असली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरकडे जायचं.