बॅनरवर नाना नव्हते

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार. ज्यांना रील बघायचीय त्यांनी खाली सरका.

सकाळी एका कार्यक्रमाचा बॅनर लावून आलो. दहा बाय वीसचा. विषय, ‘सांस्कृतिक वारशातून मराठवाड्याचा विकास’. डिझाइन माझंच. वर सात पाहुण्यांचे फोटो, कुणाचा कुणापेक्षा अर्धा इंच मोठा हवा यावर रात्री अकरापर्यंत चार फोन. मागं वेरूळचं कैलास लेणं, डावीकडं पैठणीचा काठ, उजवीकडं एक संबळवाला, इंटरनेटवरून उचललेला. आणि पाहुण्यांच्या स्वागतासाठी दारात तासभर उन्हात जे खरे संबळवाले उभे होते, आपले गोंधळी नाना, त्यांचं नाव अख्ख्या बॅनरवर नाही. कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ : ‘स्वागत – पारंपरिक वाद्य’. वाद्य आपलं आपणच वाजत असेल.

मंडपवाला, साउंडवाला, जनरेटरवाला, सगळ्यांचे पैसे ठरलेले. मला निम्मे आगाऊ. नानांना शाल, श्रीफळ आणि पंगतीत जेवण. नारळ तर मी स्वतः त्यांच्या पिशवीत टाकला.

वारशातून विकास म्हणे! कुणाचा?

थांबा, शिव्या घालायच्या आधी माझं पण सांगतो. 2009 ची गोष्ट, माझं लग्न. लग्नानंतरचा गोंधळ घालायला हेच नाना. आमच्या आण्णांनी ओसरीत बसून घासाघीस केली. नाना एकवीसशे म्हणाले, आण्णांनी अकराशेवर आणलं. ‘देवाचं काम आहे, त्यात काय भाव करायचा,’ असं म्हणत भाव केला! आदल्या दिवशीच्या डीजेला अठरा हजार मोजले, ते हूं की चूं न करता. मी तिथंच होतो, हळदीच्या अंगानं, गप्प.

हे डोक्यातून जात नाही.

आपल्याकडं विकास म्हटलं की एमआयडीसी, रेल्वे, पाणी. बरोबरच आहे म्हणा, ज्याच्या नळाला पंधरा दिवसांनी पाणी येतं त्याला संबळाचं काय सांगता. मान्य. पण 1984 ला सरकारच्या दांडेकर समितीनं अनुशेष मोजला, म्हणजे कुठला भाग विकासात किती मागं राहिला ते. रस्ते मोजले, पाटबंधारे मोजले, वीज, शिक्षण, दवाखाने, अगदी जनावरांचे दवाखानेसुद्धा मोजले. कलेचा रकाना नव्हता. तेव्हा नव्हता ते समजू शकतो. आज चाळीस वर्षांनी आपल्या डोक्यात तरी आहे का? कला म्हणजे आपल्याला अजून मान वाटतो, धंदा वाटत नाही. मानाचे पैसे मागितले की माणूस लोभी ठरतो.

आता पैठणीचं बघा. नाव पैठणचं, बाजार येवल्याचा, म्हणजे नाशिक जिल्ह्याचा. येवलेकरांनी मेहनत घेतली, माग टिकवले, दुकानं उभी केली, त्यांच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही. पण आपण काय केलं? माझ्या बहिणीच्या लग्नात आम्ही ‘सेमी’ घेतली, मशीनची. उलटी करून बघितली तर मागं धाग्यांचा गुंता. हातमागाची पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, पदरावरचा मोर मागूनही मोरच असतो, कारण एकेका रंगाचा धागा वेगळ्या कांडीनं हातानं गुंतवलेला असतो. महिने जातात एका लुगड्याला. आपल्याला ते परवडत नाही हे खरंय. पण हॉलचं भाडं परवडतं, ड्रोन परवडतो. (ड्रोनचं शूटिंग माझ्याकडंच असतं, त्यामुळे फार बोलत नाही.) औरंगाबादच्या हिमरू विणकामाचं तर विचारूच नका, माग बोटावर मोजण्याइतके राहिलेत.

वेरूळ-अजिंठा 1983 पासून जागतिक वारसा. माणसं विमानानं येतात, लेणी बघतात, हॉटेलात जेवतात, जातात. जाताना हातात काय नेतात? कुठंही मिळणारा बुद्धाचा छोटा पुतळा. आमच्या अंबाजोगाईत मुंबई-पुण्याहून कुलदैवत म्हणून योगेश्वरीला येणारे किती! दर्शन, ओटी, चहा, गाडी परत. याच गावात दासोपंतांनी कागद सोडून पासोडीवर, म्हणजे अंगावर घ्यायच्या कापडावर, ग्रंथ लिहिला. ही गोष्ट त्यांना कुणी सांगत नाही. सांगणारं पोरगं तयार केलं, त्याला पाचशे रुपये दिले, तर काय बिघडतं? पण नाही, ‘आपल्याच गावाची माहिती सांगायला पैसे कसले?’

आणि इथं गुण पिकत नाहीत असं तर कुणी म्हणूच नका. लक्ष्मण देशपांडे आपल्याच विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे आणि ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’त एकटे स्टेजवर 52 माणसं उभी करायचे, तीपण आपल्या बोलीत. ज्या बोलीला पुण्यात पोरं लाजतात त्या बोलीवर त्यांनी परदेशातली थिएटरं भरवली. नाटकवाले चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, यांची सुरुवात औरंगाबादचीच. पुढं मुंबईला गेले. जाणारच, काम तिकडं होतं. माझ्या दुकानात एडिटिंग शिकलेली तीन पोरं आज पुण्यात आहेत. तिघांपैकी एकालाही मी थांब म्हणालो नाही. काय तोंडानं म्हणू? इथं बिल मागायला सहा चकरा माराव्या लागतात.

सरकार काहीच करत नाही असं नाही, वृद्ध कलावंतांना महिन्याला 5000 मानधन आहे. चांगलंय. पण ते पन्नाशी उलटल्यावर. तोवर काय खायचं?

नानांचा पोरगा पंचविशीतला. हात बापापेक्षा हलका आहे, मी ऐकलंय. गेल्या आठवड्यात त्यानं ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेतली, म्हणजे आगाऊ पैसे. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी. दिवाळी झाली की कारखान्याला. तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडं लग्नं सुरू, आणि नेमकी तीच वेळ ऊसतोडीची. म्हणजे संबळाचा सगळा हंगाम तो फडात काढणार. चूक म्हणू का त्याला? मुकादम आगाऊ पैसे तरी देतो. संबळाला उचल कोण देतो? आम्ही नारळ देतो.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. माझ्या लग्नातली ती रात्रच आठवतेय. अकराशेवर तोडल्यावर मला वाटलं होतं, नाना दोन तासांत उरकतील. नाही उरकलं. आधी विस्तवावर चामडं शेकलं, बोटानं टकटक करून कान लावला, परत शेकलं. मग दिवटी पेटली, आणि तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, एकेका गावाचं नाव घेऊन देवीला बोलावणं सुरू. पहाटे चारपर्यंत. आमची आजी, जी डीजेच्या वेळी कानात बोळे घालून आतल्या खोलीत बसली होती, ती दिवटीत तेल घालायला स्वतः उठली. अकराशेत. डीजेच्या एकाही गाण्याचं नाव आज मला आठवत नाही.

दुपारी नाना दुकानात आले. खांद्यावर ती शाल तशीच, घडी न मोडलेली. म्हणाले, ‘बापू, ती कार्डं असतात ना खिशातली, तसली छापून द्या शंभर. पोरगा नाही यंदा, मलाच फिरावं लागंल.’ नाव, गाव, मोबाईल टाकला. खाली काय लिहू विचारलं, तर बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिले. म्हणाले, ‘सुपारी घेतो, एवढंच टाका.’

पैशाचं विचारलं तेव्हा मी म्हणालो, राहू द्या नाना. ‘राहू द्या कसं? किती झाले?’ दोनशे म्हणालो. कनवटीतून चार पन्नासच्या नोटा काढून काउंटरवर ठेवल्या. वीस-तीस कमी करा, असंसुद्धा म्हणाले नाहीत.

कार्डाचा फोटो इथं टाकत नाही, लोक नंबरवर गुड मॉर्निंग पाठवत बसतील. कुणाच्या घरी लग्न असेल तर इनबॉक्समध्ये या, नंबर देतो. यंदा साथीला तुणतुण्यावर पुतण्या आहे. रात्रभराचे सात हजार. घासाघीस करायची असेल तर माझ्याशी करा, नानांशी नाही.