सफारीसाठी कॅमेरा घेताय? मग मोठ्ठाच घ्या

जंगलात न्यायची लेन्स डोळ्यांनी नव्हे, खांद्याने निवडावी. खांदा दुखला म्हणजे लेन्स उत्तम. या कसोटीवर ६०० एमएम एफ/४ (एमएमचा आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं, एफचा आकडा लहान तेवढा प्रकाश जास्त) पहिल्या नंबरात पास होते: नुसती लेन्सच तीन किलोच्या आसपास, मागे बॉडी आणि पुढे बादलीएवढं हूड. गाडीतली बाकीची मंडळी आपोआप सरकून जागा देतात.

१००-४०० किंवा १५०-६०० असल्या झूमकडे ढुंकूनही बघू नका. झूमवाला माणूस लांबचा हत्ती टिपतो आणि तोच हत्ती गाडीजवळ आला की रिंग फिरवून सोंडेसकट डोकंही टिपतो. असला आप्पलपोटेपणा आपल्याला शोभत नाही. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ६०० एमएम लावली की दहा मीटरवर जेमतेम ६० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच एवढंच फ्रेममध्ये मावतं. म्हणजे हत्तीच्या कानाची एक घडी. चार-साडेचार मीटरच्या आत आलेल्या पक्ष्यावर तर अशा लेन्सचा सहसा फोकसच लागत नाही. त्याला जरा मागे सरकायची विनंती करा.

कुणी सांगेल की १.५ क्रॉपच्या, म्हणजे दीडपट लहान सेन्सरच्या, बॉडीवर ४०० एमएम लावली तर फ्रेम ६०० एमएमइतकीच मिळते आणि बॅग बरीच हलकी होते. ऐकू नका. लेन्स चार दिवस भाड्याने घेऊन बघ, असंही कुणी सुचवेल. पण भाड्याची लेन्स परत द्यावी लागते, मग वर्षभर कपाटात ठेवायचं काय?

एवढं करूनही झूमच गळ्यात पडली तर मागे २एक्स टेलिकन्व्हर्टर, म्हणजे एमएम दुप्पट करणारी जोडलेन्स, जोडा. ६०० चे १२०० होतात, हे सगळ्यांना सांगता येतं. एफ/६.३ चं जवळपास एफ/१३ होतं, हे सांगायची गरज नाही. दोन स्टॉप, म्हणजे दोनदा निम्मा, प्रकाश गेला म्हणजे सेन्सरवर पूर्वीच्या एक चतुर्थांशच पोहोचला. फोकस मागे-पुढे हेलपाटे घालत राहतो आणि तोवर प्राणी झुडपात जातो. मग भर दुपारी दूरच्या माळावरचं हरीण याच १२०० एमएमवर टिपा. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत असते, त्यामुळे हरणाच्या कडा पाण्यात बुडाल्यासारख्या दिसतात. हे कोणतीही लेन्स दुरुस्त करू शकत नाही. जवळ जाणं किंवा सकाळी लवकर निघणं एवढाच इलाज आहे. लेन्स बदलून घेण्याचं कारण म्हणून मात्र हा फोटो फार उपयोगी पडतो.

आता आयएसओ, म्हणजे सेन्सरवर आलेला प्रकाश फोटोत किती उजळ करायचा तो आकडा. तो १०० वर ठेवा आणि अजिबात ढळू नका. नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, हा अब्रूचा प्रश्न. पहाटेच्या प्रकाशात एफ/५.६ आणि १/१००० सेकंदाच्या शटरला समजा आयएसओ ६४०० लागतो. तुम्ही १०० वर अडून बसलात की सहा स्टॉपची भरपाई शटरला करावी लागते आणि ते १/१५ वर येतं. चालत्या बिबट्याचा फोटो १/१५ ला काढला की पिवळ्या रंगाचा एक सुंदर फराटा मिळतो. स्टॅबिलायझेशन आहे ना, असं स्वतःला समजवा. ते तुमचा हात सावरतं, बिबट्याचे पाय नाही, हा तपशील सोडून द्या. दाणेदार फोटो नंतर बराच सुधारतो, हललेला डोळा कधीच सुधारत नाही, हे ज्यांना कळलंय ते मॅन्युअल मोडमध्ये शटर आणि अ‍ॅपर्चर (एफचा आकडा) पक्कं करून आयएसओ ऑटोवर सोडतात. पळणाऱ्या प्राण्याला १/१६००, उडत्या छोट्या पक्ष्याला १/२५०० किंवा त्याहून जास्त. आळशी लोक, दुसरं काय. एवढ्यानेही शटर पुरेसं मंद झालं नाही तर वर पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, चढवा, तो आणखी दीड-दोन स्टॉप खातो.

ट्रायपॉड हवाच, तोही जीपमध्ये. सहा जणांच्या बारा पायांमध्ये आणखी तीन बसवा, म्हणजे इंजिनची थरथर थेट लेन्सपर्यंत पोहोचेल. बीनबॅग ही अगदीच गरिबाघरची वस्तू: रिकामी नेतात, मुक्कामी दोन-तीन किलो धान्य भरतात, गाडीच्या कडेवर ठेवून त्यात लेन्स रुतवतात आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगतात. फोटो स्थिर येतो, पण रुबाब काय राहिला?

धुळीच्या रस्त्यावर, चालत्या गाडीत, बॉडीचं तोंड आकाशाकडे करून लेन्स बदला. मग सेन्सर रुमालाने पुसा. पहिले ठिपके एफ/११ च्या पुढे, निळ्या आकाशावर दिसू लागतील. दोन बॉडी नेऊन एकीवर लांब लेन्स आणि दुसरीवर ७०-२०० कायम लावून ठेवणाऱ्यांना हे वैभव मिळत नाही.

बॉडी सेकंदाला २० फोटो काढणारी हवी आणि कार्ड घरातलं जुनं. पन्नास एमबीची एक रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल धरली तर सेकंदाला एक जीबी झालं. व्ही३० कार्डाची हमी सेकंदाला किमान ३० एमबीची, म्हणजे एका सेकंदाचं बटण दाबणं लिहून काढायला अर्धा मिनिटभर लागू शकतो. दोन-चार सेकंदांत बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरतो आणि वाघीण पिल्लाला तोंडात धरून रस्ता ओलांडते तेव्हा कॅमेरा लिखाणकाम करत बसतो.

खोकं आदल्या रात्री उघडा आणि मेनू गाडीत वाचा. बीप चालू असू द्या, हरणांनाही कळायला हवं. आय-डिटेक्शनवर, म्हणजे प्राण्याचा डोळा शोधणाऱ्या फोकसवर, डोळे मिटून विश्वास टाका; उंच गवतात ते गवताची काडी पकडतं, पण काडी तरी शार्प येते, एका छोट्या फोकस पॉइंटची कटकट कशाला? आणि रात्री मुक्कामावर तारे टिपताना लावलेला दहा सेकंदांचा टायमर तसाच राहू द्या. बिबट्याने दहा सेकंद थांबायला काय हरकत आहे?