आधी कणभर चाखायचं, मग वाट पाहायची

उंदीर नवं खाणं आधी कणभरच का चाखतो, यावरचा एक लेख वाचला. मेंदूतल्या इन्सुला आणि अमिग्डला या भागांना इजा झाली की उंदीर अनोळखी चवही पहिल्याच फटक्यात भरपूर खातो, असं त्यात दिलंय. वाचताना वडील आठवले. भाताच्या बांधावर झिंक फॉस्फाइड हे उंदरांचं विष ठेवायच्या आधी दोन-तीन दिवस ते ज्वारीचा भरडा नुसतं गोडेतेल चोळून, कागदाच्या पुडीत बिळापाशी ठेवायचे. पहिल्या सकाळी पुडीचा कोपरा जेमतेम कुरतडलेला. तिसऱ्या दिवशी पुडी साफ. मगच त्यात ती काळपट पूड. घाई केली की उंदीर थोडंसं खाऊन आजारी पडायचा आणि वाचला तर त्या वाटेला पुन्हा जायचा नाही. इन्सुलाचं नाव वडिलांनी कधी ऐकलं नव्हतं, पण काम बरोबर ओळखलं होतं!

एक गोष्ट मात्र लेखात राहिली. उंदराला उलटी करता येत नाही. गिळलं ते गिळलं, म्हणून ही सावधगिरी त्याच्यासाठी जिवाची बाब आहे.

शिवाय नव्या चवीची भीती आणि आजारानंतर बसलेला तिटकारा यांची लेखात थोडी सरमिसळ झालीय. मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सियांचा १९५५चा प्रयोग दुसऱ्या प्रकारातला: सॅकरिनचं गोड पाणी पिताना उंदरांना किरणोत्सर्गाचा त्रास झाला आणि नंतर त्यांनी तेच पाणी टाळलं. पहिल्या प्रकारात आधी काहीच वाईट घडलेलं नसतं. नवी चव लागताच इन्सुलात ॲसिटिलकोलीन हे मेंदूत निरोप पोचवणारं रसायन वाढतं आणि पुन्हा पुन्हा खाऊनही काही बिघडलं नाही की ते कमी होत जातं. पुडीचा तिसरा दिवस तो हाच.