पन्हाळा–पावनखिंड ग्रुपांवरच्या मेसेजबद्दल खुलासा

कोल्हापूरच्या ट्रेकिंग ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘भांडं नको, प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून शेकोटीवर धरा, पाणी आहे तोवर बाटली वितळत नाही, पाणी निर्धास्त प्या.’ यातलं अर्धंच खरं. पाण्यामुळे बाटली लगेच पेटत नाही, पण तळाला त्रिकोणात १ आकडा असलेलं हे प्लास्टिक ७०-८० अंशांनाच मऊ पडतं, म्हणजे उकळी फुटायच्या आधीच. बाटली आक्रसते, पाण्याच्या वरचा भाग जळतो, कढत पाणी अंगावर सांडू शकतं. शिवाय तापल्यावर प्लास्टिकमधले घटक पाण्यात उतरतात. कोल्ड्रिंकच्या कॅनलाही आतून प्लास्टिकसारखा लेप असतो, म्हणून तोही नको. एकेरी पत्र्याचा स्टीलचा डबा घ्या, झाकण सैल ठेवा. थर्मास मात्र विस्तवावर ठेवू नका, फुटू शकतो. पाणी खळखळून मिनिटभर उकळलं की जंतू मरतात. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.