घरगड्याचे आठ सेकंद

१३ सप्टेंबर २०२३. व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची तीन आठवड्यांची सायकल शर्यत. तिचा सतरावा टप्पा, शेवट आंग्लिरूच्या माथ्यावर. स्पेनमधला हा घाट काही ठिकाणी २३ टक्के चढतो, म्हणजे शंभर मीटर पुढे जायचं तर तेवीस मीटर वर. सायकलपटू सेप कुसच्या अंगावर एकूण आघाडीची लाल जर्सी होती. माथा जवळ आला तसा तो मागे पडू लागला, आणि त्याला सोडून पुढे निघाले ते त्याच्याच संघातले दोघे, रोग्लिच आणि विंगेगार्ड. कुसला वर आणलं कोणी? परक्या संघाच्या मिकेल लांडाने. त्याच्या मागच्या चाकाला धरून कुस कसाबसा पोहोचला. सकाळी विंगेगार्डवर २९ सेकंदांची आघाडी होती, संध्याकाळी उरले ८.

मी स्क्रीनसमोर बसून ओरडत होतो. का, ते सांगतो.

त्या वर्षी मे महिन्यात रोग्लिचने इटलीची जिरो जिंकली आणि जुलैत विंगेगार्डने टूर द फ्रान्स. दोन्हीकडे डोंगरात त्यांच्यापुढे वारा कापत होता तो हाच कुस. एका वर्षात तीन आठवड्यांच्या तिन्ही शर्यती, आणि त्यातल्या दोन दुसऱ्यासाठी!

या कामाला सायकलिंगमध्ये ‘डोमेस्तिक’ म्हणतात. सरळ मराठीत घरगडी. १९११ साली टूरचे संस्थापक हेन्री देग्रांज यांनी मोरिस ब्रोको या सायकलपटूला हा शब्द शिवीसारखा वापरला आणि तो कायमचा चिकटला. काम काय? संघाच्या गाडीकडे मागे जायचं, सात-आठ बाटल्या जर्सीत कोंबायच्या, पुन्हा पुढे येऊन वाटायच्या. कप्तानाचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. आणि मुख्य म्हणजे वारा अंगावर घ्यायचा. सपाट रस्त्यावर मागे बसणाऱ्याची जवळपास तिसरा हिस्सा ताकद वाचते. ती कोणाच्या तरी पायांतून गेलेली असते, एवढंच.

काम संपलं की गडी बाजूला होतो. पण दिवस संपत नाही. विजेत्याच्या वेळेवरून ठरलेल्या मुदतीत त्यालाही रेषा ओलांडावी लागते, नाहीतर शर्यतीबाहेर. मग मागे राहिलेले सगळे एक गट करून, घड्याळाकडे बघत, घाट चढतात. कॅमेरा तेव्हा पुढे पोडियमवर असतो. (मला विचाराल तर खरी गंमत या मागच्या गटातच असते.)

गड्यांचा विषय निघाला की लोक रने व्हिएतोचा फोटो लावतात. १९३४ ची टूर, विशीतला पोरगा, कप्तान आंतोनँ मान्यला आपलं चाक देऊन दगडी भिंतीवर बसलाय, रडतोय. दुसऱ्या दिवशी तर तो कप्तानासाठी उतार सोडून उलटा वर चढला. मान्य टूर जिंकला, व्हिएतो पाचवा. फोटो सुंदर आहे, पण मला त्याचा राग येतो. त्याने गड्याला बिचारा करून टाकलं. गडी बिचारा नसतो. किती जोर लावायचा, कुठे सोडायचं आणि उद्यासाठी काय राखायचं, हे त्याच्याइतकं कोणालाच कळत नाही.

‘रस्ताच ठरवेल’ हे या खेळातलं लाडकं वाक्य. आंग्लिरूनंतरही बऱ्याच जणांनी ऐकवलं: जास्त वेगवान तो पुढे, यात भावनेचं काय? ठीक. पण रस्त्याला कोण ताजं आहे आणि कोणाला आधीच्या दोन शर्यतींत ओढकाम पडलंय, हे थोडंच दिसतं! विंगेगार्डने ते आठ सेकंदही काढले असते तर घड्याळाच्या हिशेबाने तोच जिंकला असता. मी आक्षेप घेतला नसता. फक्त टीव्ही बंद केला असता.

पुढच्या टप्प्यांत रोग्लिच आणि विंगेगार्डने कुसची राखण केली. माद्रिदमध्ये कुस पहिला, विंगेगार्ड १७ सेकंदांनी दुसरा, रोग्लिच तिसरा. तिन्ही मोठ्या शर्यती एकाच वर्षी एकाच संघाने जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

माझं म्हणणं एवढंच की विजेत्यांच्या यादीत विजेत्याच्या नावाखाली संघातल्या बाकी सात जणांची नावंही छापा. रिले शर्यतीत चौघांना पदक मिळतंच ना? ऑलिंपिकच्या सायकल शर्यतीत मात्र सोबत्याला गळ्यात घालायला काही मिळत नाही. टूरच्या विजेत्याचे पाच लाख युरो प्रथेप्रमाणे सोबत्यांत वाटले जातात. पैशात वाटा चालतो, मग यादीत का नाही?

२०२५ मध्ये विंगेगार्डने व्हुएल्टा जिंकली. डोंगरात त्याच्या पुढे कुस होताच. यादीत त्या वर्षासमोर एकच नाव आहे.