स्कूटर चालवणारी म्हैस

चूक म्हशीची होती. यावर माझं आणि सगळ्या गल्लीचं एकमत आहे. बेळगावात खानापूर रोडवर मी आपला कडेकडेनं चाललो होतो, ती मध्येच वळली. हेडलाइट फुटला, मडगार्ड चेपलं, माझा गुडघा सोलला. मागं बसलेली बायको कडेच्या गवतावर अलगद उतरल्यासारखी पडली आणि पडल्या पडल्या माझ्यावर ओरडली. म्हशीला काही झालं नाही. तिनं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

खरा अपघात पुढं झाला, विम्याच्या फॉर्मवर. एजंट म्हणाला, "सोपं आहे ओ, कसं घडलं तेवढं चार ओळी इंग्लिशमध्ये लिवा." चार ओळींना दोन संध्याकाळी गेल्या. पहिलंच वाक्य असं झोकात उतरलं: 'रायडिंग माय स्कूटर ऑन खानापूर रोड, अ बफेलो सडनली हिट मी.' वाक्याच्या तोंडाशी 'रायडिंग' बघून मलाच साहेब झाल्यासारखं वाटलं.

आठवड्यानं फोन आला. पलीकडच्या बाई हसू दाबत होत्या. "सर, स्कूटर कोण चालवत होतं?"

"मीच की."

"तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे म्हैस चालवत होती. जरा दुरुस्त करून पाठवा."

मी कागद घेऊन शेजारच्या सरांचं दार वाजवलं. सर घरात कन्नड बोलतात, गल्लीत मराठी, आणि शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून रिटायर झालेत. वाचून म्हणाले, "अय्यो! ही 'रायडिंग' म्हणजे फ्रेज. हिला स्वतःचा कर्ता नाही. स्वल्पविराम ओलांडल्यावर पहिला जो भेटेल त्याच्या गळ्यात पडते. तिथं तुम्ही म्हैस उभी केलाय."

मग धडा सुरू झाला. उदाहरण म्हणून सरांनी आतून कुंद्याचा, म्हणजे आमच्याकडच्या दुधाच्या मिठाईचा, डबा आणला. 'द कुंदा इन द फ्रिज' ही फ्रेज: क्रियापद नाही, काळ नाही, नुसता कुंदा आहे. 'द कुंदा दॅट वॉज इन द फ्रिज' यात 'दॅट'पासून क्लॉज: आतलं 'वॉज' हे काळ दाखवणारं क्रियापद. मी म्हटलं, "म्हणजे क्लॉज लावला की कुंदा कुणीतरी संपवलाय." सर खूश झाले. शाळेत 'डू अ‍ॅज डायरेक्टेड'मध्ये 'नो सूनर डिड द बेल रिंग' घोकून जे कळलं नव्हतं, ते एका चमच्यात कळलं.

पण म्हशीवरचं माझं समाधान होईना. 'स्कूटरवरून जाताना म्हैस आडवी आली' असं आपण म्हणतो, तर कुणी विचारतं का, जात होतं कोण? सर म्हणाले, "आमच्या कन्नडमधल्या 'होगुवाग'ला, म्हणजे तुमच्या 'जाताना'ला, पण कोणी विचारत नाही."

आमच्याकडं मराठी-कन्नडचं काय चालतं ते सांगायला नको. पाट्यांवरून चालतं, कागदपत्रांवरून चालतं. २०१४ च्या १ नोव्हेंबरला सरकारदप्तरी बेळगावचं बेळगावी झालं, तेव्हापासून पत्त्यातलं गाव लिहितानाही पेन थबकतो. त्या संध्याकाळी सरांच्या कट्ट्यावर मात्र दोन्ही भाषा एका बाजूला आणि इंग्रजी एकटी. आपला 'काल आलेला माणूस', त्यांचा 'निन्ने बंद मनुष्य': माणूस दारात यायच्या आत त्याची कुंडली सांगून मोकळे. इंग्रजीत माणूस आधी घरात घुसतो आणि 'हू केम यस्टरडे' हे शेपूट मागनं फरफटत येतं. आपलं 'येतो म्हणून सांगितला', त्यांचं 'बरतीनि अंत हेळिद': शब्दावर शब्द बसतो. माणसाला बोलून होऊ दे, मग 'म्हणून' लावू. इंग्रजीतला 'दॅट' कोणी तोंड उघडायच्या आधीच उभा. पुण्याकडची मंडळी उठसूट 'म्हणाला की' करतात, तो 'की' फारसीतनं आलेला पाहुणा. त्यांना 'दॅट' सोपा जात असावा.

शेवटी सरांनी 'व्हाइल आय वॉज रायडिंग' असा क्लॉज घालून मला म्हशीच्या जागी सीटवर बसवलं. तिथंच थांबायला हवं होतं. पण शेपटं जोडायची कला हातात आली होती. घरी येऊन मी एक वाक्य वाढवलं: 'माय वाइफ हू वॉज सिटिंग बिहाइंड ऑल्सो फेल डाऊन.' सकाळी सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बाकीच्या बायका कुठं होत्या ओ?"

"बाकीच्या?"

"'वाइफ'च्या पुढं स्वल्पविराम नाही. म्हणजे हा क्लॉज निवडून दाखवतोय. पुष्कळ बायकांपैकी जी मागं बसली होती, ती पडली. दोन्हीकडनं स्वल्पविराम घाला, मग बायको एकच, बसली होती ही जादा माहिती."

आमची ही नेमकी सरांच्या घरी विरजण मागायला आली होती. वाटी कट्ट्यावर ठेवून तिनं कागद ओढून घेतला, माझ्या खिशातलं बॉलपेन काढलं आणि 'वाइफ'पुढं स्वल्पविराम दिला. मग 'बिहाइंड'पुढं दिला. पहिला फिका वाटला म्हणून परत गिरवला, कागद फाटेस्तोवर.

आता फॉर्म नव्यानं लिहायला घेतलाय.