रामबागवाल्या काकांच्या कमेंटला उत्तर: आजारी आंब्याला आधी खत का नाही

काका, नमस्कार. कमेंटखालीच लिहायला बसले होते, पण ते इतकं लांबत गेलं की वेगळंच टाकतेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आपल्या इंदुरातल्या टिळकनगरच्या मावशीच्या अंगणातला जुना आंबा शेंड्याकडून वाळत चालला होता, त्यावर मी लिहिलं होतं की आधी खत नको, बुंध्यापाशी उकरून बघा, झाडाभोवती बसवलेले पेवर ब्लॉक काढा आणि निदान दोन पावसाळे धीर धरा. काकांचं म्हणणं असं की हे सगळं विलायती पुस्तकी ज्ञान, माळव्याच्या मातीत चालत नाही, त्यांच्या मेहुण्यांच्या झाडाला माळ्याने यूरिया घातला तर महिन्याभरात हिरवंगार झालं, पेवर घालून पाच वर्षं झाली मग झाड आत्ताच कसं वाळलं, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा कापून का टाकू नये.

यूरियाचं आधी बोलू. मेहुण्यांचं झाड हिरवं झालं असेल, मी कुठे नाही म्हणतेय! जुनी, खालची पानं अख्खी पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडतंय, तिथे यूरियाने फरक पडणारच. पण कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर बहुतेक वेळा लोह कमी पडतंय, आपल्या काळ्या मातीत चुना भरपूर असतो त्यामुळे लोह मातीत असूनही झाडाला उचलता येत नाही, तिथे गोणीभर यूरिया ओतला तरी काही व्हायचं नाही. मावशीच्या झाडाचं दोन्ही नव्हतं. पानं दरवर्षी लहान होत गेलेली, डहाळ्या टोकाकडून मागे वाळत आलेल्या, आणि तेही चारी बाजूंनी. एकच फांदी वाळली तर त्या फांदीत शोधायचं, सगळाच शेंडा गेला तर खाली मुळांशी शोधायचं, असं माझं साधं गणित आहे. अशा दमलेल्या मुळांवर यूरिया पडला की मातीतल्या पाण्यात क्षार वाढतात, मुळांना पाणी ओढणं आणखी जड जातं, आणि त्यातून पालवी फुटलीच तर तिला पाणी कोण पुरवणार? ताप उतरायच्या आत दाल-बाफल्यांचं जड जेवण वाढण्यातला प्रकार आहे हा. कमेंटमध्ये एका ताईंनी कल्टार या औषधाचं विचारलंय, तर ते मोहरासाठी असतं आणि झाडाची वाढ रोखूनच काम करतं, आजारी झाडाला तर अजिबात नको.

आता पाच वर्षांचा प्रश्न, हा मात्र तुम्ही लाखातला विचारलात. मोठं झाड लगेच वाळत नाही कारण खोडात आणि जाड मुळांत त्याने स्टार्च साठवून ठेवलेला असतो, त्यावर ते वर्षानुवर्षं काढतं. पेवर बसवताना काय करतात बघितलंय ना? आधी माती उकरतात, म्हणजे वरच्या फूट-दोन फुटातली बारीक मुळं तिथेच गेली, आणि पाणी-अन्न ओढणारी बहुतेक मुळं त्याच थरात असतात, पार फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली. मग मुरूम, चुरी, वरून रोलर. खाली आपली काळी माती, पावसात फुगते, हवा बाहेर, पाणी तुंबून राहतं, आणि उन्हाळ्यात तीच भेगाळते तेव्हा उरलीसुरली बारीक मुळं तुटतात. झाड दरवर्षी थोडी मुळं गमावतं आणि साठ्यातून भरून काढतं, साठा संपला की एखाद्या कडक उन्हाळ्यात एकदम दिसतं आणि आपण म्हणतो, अरे परवापर्यंत तर चांगलं होतं!

बुंध्यापाशी काय दिसलं ते मागच्या वेळी नीट लिहिलं नव्हतं. निरोगी झाडाचं खोड जमिनीत शिरताना पसरतं, मुळांचे फाटे वर दिसतात. मावशीकडे खोड खांबासारखं सरळ आत गेलेलं. खुरपीने (कुदळ नको, साल दुखावते) हळूहळू उकरलं तर वीतभर भराव निघाला, विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, आणि त्याखालची साल काळपट, ओली, नखाने दाबली तर आत जाणारी, आंबूस वासाची. त्या सालीतून केसासारखी बारीक पांढरी मुळं फुटलेली, हवा शोधत वर आलेली. हे बघितल्यावर खताच्या पिशवीकडे हात जाईल का सांगा.

विलायती म्हणाल तर साहेब खरंच विलायतचा होता, पण त्याने हे शिकलं आपल्याकडे. शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 आपल्या इंदुरातच होता, ज्या कंपोस्टला जगभर इंदूर पद्धत म्हणतात ती त्याचीच, आणि इथल्या शेतकऱ्यांना आणि किडींना तो आपले गुरू मानायचा. त्याआधी बिहारमध्ये पुसाला त्याने फळझाडांखाली गवत वाढू दिलं तर झाडं खंगली, काहींना त्याच गवतात हवेसाठी चर खणून दिले तर ती थोडी सावरली. म्हणजे मुळांना हवा लागते ही गोष्ट काही मी गूगलवरून आणलेली नाही. आंब्याखाली हौसेने लॉन लावणाऱ्यांनीही हे वाचावं. एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने, 2013 मध्ये दिल्लीत झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं ते काय उगाच?

बाकी उपाय साधेच आहेत. भराव काढून बुंधा मोकळा केला, सडकी साल चांगल्या सालीपर्यंत खरवडली, वर बोर्डो पेस्ट, म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं कालवून मग एकत्र करायचं, लोखंडाच्या भांड्यात नाही, आणि त्याच दिवशी संपवायचं. लोखंडी पातं बुडवून बघा, तांबूस झालं तर चुना कमी पडलाय. खोडावर भोकं आणि खाली भुसा दिसला तर आत भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी आहे, ती तारेने उकरून काढावी लागते, मावशीकडे नव्हती. पाणी बुंध्याशी नाही, फांद्यांच्या घेराखाली, सावकाश. आणि पानांचा तीन-चार इंच थर, बुंध्यापासून जरा लांब. आपण इंदूरवाले झाडलोटीत एवढे पक्के की झाडाखालची पानं रोज कचरा गाडीत देतो आणि मग नर्सरीतून खत विकत आणतो, यावर एकदा वेगळं लिहीन. खत पुढे द्यायचंच आहे, पण तांबूस पालवी येऊन, पिकून गडद हिरवी झाल्यावर, आणि तेव्हाही कुजलेलं शेणखत आधी.

कापायचं केव्हा तेही सांगते. नखाने किंवा चाकूच्या टोकाने साल खरवडा, खाली हिरवं-ओलं असेल तर फांदी जिवंत आहे. वरून खाली येत बघत जा. मुख्य फांद्यांतही सगळीकडे तपकिरी, कोरडं लागलं, किंवा बुंध्याची साल सगळीकडून सडलेली असली, किंवा खोड पोकळ होऊन झाड घराकडे कललं असलं तर मी पण कापाच म्हणेन. फक्त त्याआधी नगर निगमची परवानगी घ्या, शहरातल्या झाडांसाठी आपल्या मध्य प्रदेशात 2001 चा कायदा आहे, स्वतःच्या अंगणातलं असलं तरी लागू होतो. आणि मेहुण्यांना विचारा, त्यांच्याकडे झाडाभोवती पेवर आहेत का मोकळी माती?